मामा तलावातली कमळं

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय 'शाळेच्या आठवणी'. माझ्याआधी जे बोलले त्यांनी गॅदरिंग, सहल, गणिताचा पेपर आणि सरांची छडी असं सगळंच संपवून टाकलं. माझ्यासाठी शाळेच्या आवारात काही शिल्लक ठेवलं नाही. म्हणून मी तुम्हाला आवाराबाहेर नेते. फार लांब नाही, मागच्या फाटकातून शंभर पावलं. आपल्या तलावावर.

या तलावाला गावात सगळे 'मामा तलाव' म्हणतात. पाटीवर पाटबंधाऱ्याच्या लोकांनी 'मा. मा. तलाव' असं रंगवलं होतं. हा कुणाचा मामा, यावरून पाचवीत आपल्या वर्गात जोरदार भांडण झालेलं काही जणांना आठवत असेल. पुढे इतिहासाच्या सरांनी फोड करून सांगितली. 'मा. मा.' म्हणजे 'माजी मालगुजारी'. इंग्रजांच्या काळात आपल्या भागात सारा गोळा करायला मालगुजार होते आणि तलाव त्यांच्या ताब्यात होते. पण तलाव त्यांच्याहून जुने. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजातल्या लोकांनी जमिनीचा उतार पाहून मातीच्या पाळी बांधल्या, पावसाचं पाणी अडवलं आणि खाली धान पिकवला. आज भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले आणि नावामागे 'माजी' लागलं.

हा 'माजी' शब्द लक्षात ठेवा. शेवटी मला त्याच्याकडे परत यायचं आहे. आज या मंडपाच्या कमानीवरही तो लिहिलाय, 'माजी विद्यार्थी'.

आता त्या तलावातल्या फुलांबद्दल. आपण त्यांना कमळं म्हणायचो. चित्रकलेच्या वहीत तीच काढायचो, गणपतीला तीच वाहायचो. ती कमळं नव्हती. तलावाच्या पूर्वेच्या अंगाला, महादेवाच्या देवळाजवळ, खरं कमळ होतं, पण थोडंच. त्याचं पान पाण्याच्या वर दांड्यावर उभं राहतं, गोल असतं, त्याला कुठे चीर नसते आणि पाण्याचा थेंब त्यावरून मोत्यासारखा घरंगळतो. फुलाच्या मधोमध न्हाणीतल्या शॉवरच्या तोंडासारखी चकती असते. शाळेच्या बाजूला जे होतं त्याचं पान पाण्यावर पसरलेलं असायचं आणि देठापासून काठापर्यंत त्याला एक खाच असायची, पोळीचा तुकडा मोडून घ्यावा तशी. ती कुमुदिनी.

मला वाटायचं या दोघी सख्ख्या नाही तरी चुलत बहिणी तरी असतील. तसंही नाही. अलीकडे वनस्पतींची नाती जनुकांवरून ठरवतात. त्या हिशोबाने कमळाचे जवळचे नातेवाईक निघाले काश्मीरचा चिनार आणि आपल्याकडे बंगल्यांभोवती लावतात तो सिल्व्हर ओक. कुमुदिनीचं घराणं अगदी वेगळं. फुलझाडांच्या वंशवृक्षात खोडापासून फार आधी फुटलेल्या फांद्यांपैकी ती एक आहे. एका पाण्यात राहून दोघींचं रूप सारखं झालं, एवढंच. आणि ज्यांचं नातं खरं आहे ते चिनार आणि कमळ शेजारी ठेवले तर कुणी ओळखही दाखवणार नाही.

आपल्या तलावात कुमुदिनीच्या दोन जाती होत्या. पांढरी आणि निळसर. पांढरी संध्याकाळी उमलायची, रात्रभर उघडी राहायची आणि उन्हं चढली की मिटायची. निळी सकाळी उशिरा उघडायची आणि दुपार कलली की मिटायची. संस्कृतात पांढऱ्या फुलाला कुमुद म्हणतात आणि चंद्राला कुमुदबांधव. मला ती कविकल्पना वाटायची, पण ते तर नुसतं निरीक्षण आहे. आपली शाळा अकराची. शाळेत येईपर्यंत पांढरी फुलं मिटायला लागलेली असायची. ती पूर्ण उघडी दिसायची फक्त शनिवारी, कारण शनिवारी सकाळची शाळा. शनिवारची शाळा मला का आवडायची याचं निम्मं कारण अर्धा दिवस आणि निम्मं कारण ती फुलं. आता मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणारी एक तुकडी आणि आपल्या घड्याळावर काम करणारी दुसरी, असं आमचं चालतं. नवीन मुलांना हे समजावताना मला नेहमी आपला तलाव आठवतो. रात्रपाळीला पांढरी, दिवसपाळीला निळी. गेली कित्येक शतकं एकाही दिवसाची सुट्टी नाही.

पण हे पाळ्यांचं वेळापत्रक मला पुस्तकातून कळलं नव्हतं. ते सांगितलं आपल्या वर्गातल्या एका मुलीने. ती ढिवर मोहल्ल्यातून यायची. नाव घेत नाही, कारण तिने मला तशी ताकीद दिली आहे. ती आज इथे आहे, आणि कुठे बसली आहे तेही मी सांगणार नाही. तिच्या वडिलांचा डोंगा होता. पहाटे जाळी काढायला ती त्यांच्याबरोबर जायची आणि मग शाळेत यायची. आपण काठावरून जो तलाव पाहायचो तो ती आतून पाहायची.

आठवीत विज्ञानाच्या बाईंनी पर्णरंध्रांचा पाठ शिकवला. बहुतेक झाडांची पर्णरंध्रं पानाच्या खालच्या बाजूला जास्त असतात, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा हिने हात वर करून विचारलं, "मग पाण्यावर लोळणाऱ्या पानाचं काय? त्याची खालची बाजू तं पाण्यातच राहते." बाई, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही सूक्ष्मदर्शक मांडलात, तिला पानं आणायला सांगितलीत आणि आम्ही सगळ्यांनी रांगेने पाहिलं. कुमुदिनीची रंध्रं वरच्या बाजूला होती. मग तिने आणखी एक गंमत दाखवली. पानाचा लांब देठ घेतला, एक टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारली. पाण्यात बुडबुडे आले. बाईंनी ब्लेडने देठ आडवा कापला. आत पोकळ नळ्या होत्या. पुढचा तास अख्खा वर्ग बुडबुडे काढत होता आणि शेजारच्या वर्गावरच्या सरांनी दोनदा येऊन पाहिलं.

त्या नळ्यांचा उपयोग काय हे मला खूप वर्षांनी वाचायला मिळालं. कुमुदिनीचा कंद तळाच्या गाळात असतो आणि गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. अमेरिकेत १९८० च्या सुमारास कुमुदिनीच्या घराण्यातल्या एका पिवळ्या फुलाच्या जातीवर काम झालं. त्यात असं दिसलं की उन्हाने तापलेल्या कोवळ्या पानांमध्ये हवेचा दाब थोडा वाढतो. ती हवा देठातून खाली कंदापर्यंत जाते आणि जुन्या, विरळ झालेल्या पानांच्या देठातून वर येऊन बाहेर पडते. म्हणजे पाण्याखाली वारा वाहत असतो. हे वाचलं त्या रात्री मला बाईंचा तास आठवला. चौदा वर्षांची मुलगी पेल्यात जे दाखवत होती, ते जगाला कळून तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षं झाली होती.

ती आम्हाला कुमुदिनीची फळंही आणून द्यायची. तुमच्यापैकी किती जणांनी खाल्ली आहेत? हात वर करा. बरीच मंडळी आहेत की! हे फूल तीन-चार दिवस उमलतं आणि मिटतं आणि मग पाण्याखाली जातं. काठावरच्या माणसाला वाटतं, फूल संपलं. पण त्याचं फळ पाण्याखाली धरतं आणि तिथेच पिकतं. आत खसखशीएवढ्या असंख्य बिया. फळ फुटलं की बिया थोडा वेळ पाण्यावर तरंगतात, लांब जातात आणि मग बुडतात. ते फळ कधी काढायचं हे तिला बरोबर कळायचं, आणि वेळ चुकली तर चव तुरट लागते हे ती खाऊ घालण्याआधीच सांगायची.

नववीत दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. शिंगाड्याचा हंगाम होता, म्हणून आठ दिवस कुणाला काही वाटलं नाही. मग कळलं की वडील आजारी आहेत आणि पाठचे दोन भाऊ लहान आहेत. हजेरीत तिचा क्रमांक काही दिवस पुकारला गेला, 'गैरहजर' लागत राहिलं आणि एका महिन्याच्या एक तारखेला नवा पट आला तेव्हा त्यात तिचं नाव नव्हतं. वर्गात त्याबद्दल काही बोलणं झालं नाही. तेव्हा असं होतच असायचं.

हे मी आज का सांगतेय? या मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा शाळेने आपल्याला दहावीची यादी दिली. मेळावे असेच होतात, दहावीच्या बॅचचे. त्या यादीत ४४ नावं होती. मग गावातच राहणारा आपला एक मित्र फोनवर म्हणाला, "आठवीची हजेरी काढा. अर्धी पोरं तर तिथंच आहेत." आपल्या निवृत्त बाबूजींनी दोन दिवस खपून कपाटातून तो हजेरीपट शोधून दिला. त्यात ६८ नावं होती. याद्या जुळवणं हा माझा रोजचा धंदा आहे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. एका रकान्यात आठवी, दुसऱ्या रकान्यात दहावी. २४ नावांसमोरची जागा रिकामी राहिली. त्यांतले सात जण वडिलांच्या बदलीमुळे दुसऱ्या शाळेत गेले होते. उरले १७. त्या १७ मध्ये ११ मुली.

कामावर मी अशा रिकाम्या जागा दिवसभर बघते. तिथे रिकामी जागा म्हणजे माहिती मिळाली नाही, इतकंच. इथे प्रत्येक जागेला एक चेहरा होता आणि तो बाकावर माझ्या पुढे किंवा मागे बसलेला होता.

आपल्या मित्रांनी गेले तीन महिने गावोगाव फिरून त्या १७ जणांचा शोध घेतला. दोघं आज या जगात नाहीत. चौघांचा पत्ता लागला नाही. उरलेल्या अकरांपैकी नऊ जण आज इथे आहेत. दहावीची बॅच म्हणून आपण जमलो खरे, पण शोभा त्या नऊ जणांनी आणली आहे. त्यांच्यासाठी टाळ्या झाल्या पाहिजेत.

दिवाळीत मी गावी आले होते तेव्हा त्या मैत्रिणीला भेटायला गेले. ती म्हणाली, "घरात काय बसतंस, चाल पाळीवर." आम्ही पाळीवरून चाललो. शाळेच्या बाजूला मला पाणी दिसेचना. काठाला माणसाच्या उंचीची बेशरम माजली होती, फिकट जांभळी फुलं आलेली. आपल्या वेळी ती इथेतिथे होती, आता तिने तलावाचा तिसरा हिस्सा खाल्ला आहे. ही मूळची अमेरिका खंडातली. तिची फांदी तोडून टाकली तर जिथे पडेल तिथे रुजते, म्हणूनच तिचं नाव बेशरम. ती वाढली की गाळ धरते, पाणी उथळ होतं, कुमुदिनीला जागा राहत नाही. फुलं गेली की कमळपक्षीही जातात. लांब बोटांनी पानांवरून चालत जाणारा तो पक्षी आठवतो ना? मादी पानावर अंडी घालते आणि निघून जाते, उबवणं आणि पिलं सांभाळणं नराकडे. हे आजच्या सभेतल्या पुरुषवर्गाने लक्षात घ्यावं म्हणून सांगितलं.

मी तिला म्हटलं, "फुलं गेली गं सगळी." ती म्हणाली, "गेली नाही वं, दाबून राहिली. गाळात कंद आहेतच. उन्हाळ्यात तलाव आटते तेव्हा बी ते गाळात जित्ते राहतात. बेशरम उपटली तं दोन पावसाळ्यांत येतील. पण उपटावी कोणी? तुम्ही येता, फोटो काढता अन् जाता."

हे ती रागाने म्हणाली नव्हती. हिशोब सांगावा तसं म्हणाली. आपल्या जिल्ह्यातल्या काही गावांत ढिवर समाजातल्या बायकांनी आणि मच्छीमार संस्थांनी हे काम करून दाखवलं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बेशरम मुळासकट उपटायची, तलावाबाहेर नेऊन वाळवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपल्याच पाणवनस्पती लावायच्या. त्याने माशांना खाद्य आणि आसरा मिळतो, पक्षी परततात. ती आता आपल्या गावच्या मच्छीमार संस्थेत आहे. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात लावायची, कुठल्या माशाला कोणती लागते, हे तिला तोंडपाठ आहे. तिच्याकडे ज्ञान आहे, हात आहेत. मजुरीला पैसे नाहीत.

आता 'माजी' या शब्दाकडे येते.

मालगुजारी होती तोवर तलावाचा गाळ काढणं, पाळ दुरुस्त करणं, पाट मोकळे करणं ही गावाची रीत होती. कुणी किती पाणी घ्यायचं, कुणी कोणतं काम करायचं हे ठरलेलं असे. मालगुजारी चांगली होती असं मी म्हणत नाही, तिच्यात वरचा आणि खालचा होताच. पण तलाव 'माजी' झाला आणि त्याचं रोजचं काम नेमकं कुणाचं हे धूसर होत गेलं. आपण शाळेत होतो तेव्हा जिल्हा भंडारा होता. आपल्या दाखल्यांवर तेच लिहिलंय. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हा बदलला, पाटीवरचा रंग बदलला, तलावाचा गाळ तेवढा वाढत राहिला.

आपणही माजी झालो. माजी झाल्यावर शाळेचं आपल्याकडे काय काम उरतं, हा प्रश्न आज या मंडपात आहेच, कारण आपण शाळेसाठी निधी जमवला आहे. त्यातून दर्शनी फाटकावर कमान उभारायची आणि कमानीच्या खांबावर संगमरवरी पाटीवर बॅचची नावं कोरायची, असं ठरत आलं आहे. ज्यांनी हे सुचवलं त्यांच्या मनातलं शाळेवरचं प्रेम मला ठाऊक आहे. तरी माझं एकटीचं मत मांडते. मान्य नसेल तर खुशाल विरोध करा, आपण वर्गात कधी एकमत केलं होतं?

कमान साधी करू या. उरलेल्या पैशांतून पुढचे दोन उन्हाळे शाळेच्या बाजूची बेशरम काढण्याची मजुरी आपण मच्छीमार संस्थेला देऊ. श्रमदान म्हणून एक दिवस टोप्या घालून यायचं आणि फोटो काढून जायचं, असं नको. हे कष्टाचं काम आहे, त्याची पूर्ण मजुरी द्यायची. हजेरी आणि हिशोब दर आठवड्याला आपल्या ग्रुपवर येईल, ती जबाबदारी मी घेते. मुख्याध्यापकांना विनंती आहे की आठवीच्या मुलांचा महिन्यातून एक शनिवारचा तास पाळीवर घ्यावा. शिकवायला कुणाला बोलवायचं ते मी सांगण्याची गरज नाही. तिने हो म्हटलं आहे, फक्त तिची अट आहे की तिला 'प्रमुख पाहुण्या' म्हणायचं नाही आणि शाल-श्रीफळ द्यायचं नाही. देठ फुंकून बुडबुडे काढायला मुलांचे पेले तेवढे तयार ठेवायचे.

आणि कमानीवर नावं कोरायचीच असतील तर ती ४४ नकोत, ६८ कोरा. यादी माझ्याकडे तयार आहे, हजेरीपटाच्या क्रमाने. पहिला क्रमांक ते शेवटचा, मध्ये एकही जागा रिकामी न सोडता.

बाई, सर, तुम्ही ज्या पटावरून आमची हजेरी घ्यायचात तो पट असा पुन्हा पुरा होईल. एवढं बोलून थांबते. जेवणानंतर ज्यांना पाळीवर यायचं असेल त्यांनी मागच्या फाटकाशी जमावं. वाट ती दाखवेल.